सहा ओळी

"नावं तेवीस, हजर एक," दारातच खोकत किशनराव म्हणाले.

फळ्याला खेटून बसलेल्या अंगदनं खोकला ऐकून मान वळवली. "रामराम, शेक्रेटरीसाहेब."

बन्सीधरनं हजेरीची वही मिटली. दिवसभर शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचं, आणि दिवेलागणीला परभणीच्या या वाचनालयात मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी. आषाढात वर्ग सुरू झाला तेव्हा सतरंजी पुरत नव्हती. मग सही जमताच सिद्रामप्पा आपल्या दुकानात परतले. कापूस वेचायला आला तसे बाकीचेही पांगले. बन्सीधर हैदराबादेहून पदवी घेऊन आला होता. माणसं का गळतात, याचं कारण शोधायची त्याला सुरुवातीला फार हौस होती. आता तिचाही कंटाळा आला होता.

"दिवाळीनंतर वर्ग बंद," किशनराव म्हणाले. "परवानगीसाठी पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या कचेरीत चार खेटे घातले मी. एवढं रॉकेल जाळून एक तरी माणूस कुठली परीक्षा पास झाला असं दाखवा. मग बघू."

"मी बसायलोय की इम्तेहानाला," अंगद म्हणाला.

अंगद स्टेशनवर सांधेवाला होता. आलेली गाडी कुठल्या रुळावर जाणार, ते त्याच्या हातातला दांडा ठरवायचा. नोकरीला वीस वर्षं झाली होती. धनत्रयोदशीला रेल्वेचे साहेब इम्तेहान घ्यायला येणार होते. नापास झाला तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर राहती खोलीही. त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, निम्मी भांडी आधीच पोत्यात भरून ठेवली होती.

किशनराव गेल्यावर अंगदनं बंडीच्या खिशातून साखरेच्या पुडीचा कागद काढला. त्यावर सहा ओळींत इंग्रजी अक्षरं होती. काही वाकडी, एक चक्क उलटं.

"महालिंगानं आणलंय. साहेबाच्या डब्यात पाणी भरतो त्यो. बघून बघून उतरवलंय. दरसाल हेच इचारत्यात."

बन्सीधरनं कागद दिव्यापाशी धरला. एकाही ओळीतून शब्द होत नव्हता. त्यानं अक्षरं मोजली, पुन्हा आलेली खुणावली, काही क्रम सापडतो का पाहिलं. मालगाडीच्या डब्यांवर असतात तशा खुणा असाव्यात, असं त्यानं शेवटी ठरवलं.

"म्हणजे पेपर फुटलाय, अंगदराव."

"फुटायचं काय त्यात? उघडाच असतो की सगळ्यांम्होरं."

"त्यापेक्षा लिहिता-वाचता येत नाही म्हणून सांगा. अंगठेवाल्यांची परीक्षा सोपी असेल."

"त्यांना ठिपके मोजायला लावत्यात, गुर्जी. अन् दर बारीला निराळे. लय अवघड." अंगद मान हलवून हसला. "इंग्रजीवाल्यांचं सोपं."

इंग्रजीपेक्षा ठिपके मोजणं अवघड! बन्सीधरलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

त्यानं कागदाच्या घड्या सरळ केल्या. हे बरोबर नव्हतं. पण दिवसभराच्या खडूनं घसा सुकला होता, समोर एकच विद्यार्थी होता, आणि तो गेला की वर्गाला कुलूप लागणार होतं. शिवाय सांधेवाल्याला दोन अक्षरं कमी आली म्हणून कुणाचं काय बिघडणार होतं?

"म्हणा," तो म्हणाला. "पहिली ओळ."

आठ दिवस त्या सहा ओळीच चालल्या. अंगद पाटी नाकाशी धरायचा, मग कंटाळून खाली ठेवायचा.

"नुसतं घोकू नका. अक्षर ओळखा तरी," बन्सीधर म्हणायचा.

"वळखून काय करू, गुर्जी? म्हनता आलं की बास."

पाठांतर मात्र कमालीचं पक्कं होतं. ओळ सरळ विचारली तर सरळ, उलटी विचारली तर उलटी. "खालून दुसरीतलं तिसरं," असं विचारलं तरी अडायचा नाही. असा विद्यार्थी शाळेतही नव्हता. बन्सीधरच्या चालण्यातला जडपणा थोडा कमी झाला.

धनत्रयोदशीला तो तासभर आधीच स्टेशनवर पोचला. साडेचारच्या मनमाडच्या गाडीनं औरंगाबादला, घरी जायचं होतं. तिकीट खिशात होतं. बाजूच्या रुळावर साहेबांचा पांढरा डबा उभा होता. केवळाबाईनं अंगदला हाताला धरून आणलं आणि पायरीपाशी सोडलं. एवढा मोठा माणूस परीक्षेला इतका भितो, बन्सीधरला वाटलं.

"पास व्हत्याल का वो, गुर्जी?" केवळाबाईनं विचारलं.

"काळजी करू नका. झोपेतही म्हणतील."

"झोपेत काय अन् जागेपनी काय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत पाणी आणायला गेली.

बन्सीधर वजनकाट्याशेजारी उभा राहिला. डब्याच्या खिडकीतून अंगदचा आवाज आला, खणखणीत आणि न अडखळता. ओ. मग एल, टी. मग तिसरी ओळ. बन्सीधर मनातल्या मनात बरोबर म्हणत होता. सहावी ओळ संपली तशी त्यानं श्वास सोडला. दिवाळीनंतर पुन्हा सतरंजी अंथरायची, पाथरीच्या लोकांनाही कळवायचं, असं काहीबाही त्याच्या डोक्यात आलं.

"शाबास," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "अब दुसरी आँख पर हाथ रखो. वही नीचेवाली लाइन फिर पढो."

अंगदनं ती पुन्हा म्हटली, तेवढीच खणखणीत.

थोड्या वेळानं तो पायरी चाचपत खाली उतरला. तोंडभर हसत पुढं आला आणि बन्सीधरपासून दोन पावलांवरच्या वजनकाट्यापुढं वाकला.

"गुर्जी, पास झालो," तो काट्याला म्हणाला.

मनमाडच्या गाडीची घंटा झाली. काखेत हिरवं निशाण मारून, कुंपणाच्या तारेवरून हात सरकवत, अंगद लगबगीनं सांध्याकडं निघाला.