अकरा जोड

चर्चच्या दगडी दारात मार्थाबाईंनी चपला काढल्या आणि डोक्यावरून पदर घेतला. नगरकडच्या त्यांच्या गावात चर्चमध्ये कोणी पायताण घालून शिरत नाही.

"आई, हे चर्च नाही राहिलं गं. भुताखेतांचा पब केलाय," शमुवेल हळूच म्हणाला. स्कॉटलंडला आलेल्या आईला गंमत दाखवायची होती, आणि आता मागची सगळी रांग तिच्याकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत छताला हाडांचे सापळे लोंबत होते. वेदीच्या जागी बिअरचे नळ. मार्थाबाईंनी शांतपणे सगळं पाहून घेतलं.

"भुतं काय, आज आहेत, उद्या जातील," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा असते तर आधी फरशी पुसायला बसले असते."

बाबांनी जन्मभर गावच्या चर्चची झाडलोट केली. ते गेल्यापासून शमुवेल कुठल्याच चर्चची पायरी चढला नव्हता.

फरशी बर्फासारखी गार होती. आईने पाय आखडून घेतलेले पाहून तो चपला आणायला दाराशी गेला आणि थबकला. मागून आलेल्यांना हा इथला नियमच वाटला असावा. आईच्या झिजलेल्या चपलांशेजारी अकरा जोड बूट ओळीने लावलेले होते, आणि तोंडावर कवटी रंगवलेला एक धिप्पाड गडी वाकून आपल्या बुटांची नाडी सोडत होता.

शमुवेलने चपला तिथेच राहू दिल्या. आपलेही बूट काढून त्याने रांगेच्या शेवटी ठेवले.

मग आईसमोर गुडघे टेकून त्याने स्वतःचे लोकरीचे मोजे तिच्या पायांत चढवले.