प्रत्येक कमेंटला उत्तर

दुपारचे दोन वाजले आणि दिपालीनं लाईव्ह सुरू केलं. घरात पाव्हणे आलेत म्हणून वेळ चुकवून चालत नाही, हे मानवतच्या कॉलेजातल्या सुकेशनीनं तिला बजावून ठेवलं होतं. सुकेशनीच्या गेमिंग चॅनलला वीस हजार माणसं होती, दिपालीच्या चॅनलला एकशे चौदा. त्यामुळे सुकेशनी सांगेल तो कायदा.

"आपल्या बोलीत बोल. टीव्हीवाल्यासारखं न्हाई," सुकेशनी म्हणाली होती. "अन् येईल ती कमेंट लगेच, नाव घेऊन, मोठ्यानं वाचायची. आधी मनात वाचून निवडत बसलीस की माणसं उठून जातेत. एक बी कमेंट उत्तराबिगर सोडायची न्हाई."

खोलीत आवाज घुमू नये म्हणून दारावर जाड घोंगडं टांगायचं, ही युक्तीही तिचीच. मेंढ्यांच्या घरात घोंगड्यांना काय तोटा. पण आज नेमकं तेच, घरातलं सगळ्यात नवं घोंगडं दिपालीच्या वडलांनी, मुंजाजींनी, ओसरीत पाव्हण्यांना बसायला काढून नेलं होतं. पाथरीकडचे आश्रुबा दोन भाऊबंद घेऊन मेंढ्या बघायला आले होते. दिपालीनं त्यांना चहा दिला, काय शिकतेस विचारलं त्याचं उत्तर दिलं, आत आली आणि कानाला हेडफोन लावले. एक दिवस आवाज घुमला तर घुमला.

गेममध्ये तिचा ट्रक घाट चढत होता. कानात नुसती इंजिनाची घरघर. रोज नऊ-दहा माणसं बघायची, आज वीस झाली, मग चाळीस. वेळ पाळल्याचा गुण आला म्हणून ती खुशीत होती.

"बन्सीधर विचारतेत, मागं काय फुटलं?" तिनं वाचलं आणि हसली. "काय न्हाई दादा, टायर शाबूत हाय आपला."

माणसं शंभरावर गेली.

"कमलताई म्हणतेत, अभिनंदन. थँक्यू ताई, पर एवढ्यात कशाचं? अजून लय लांब जायचंय." तिनं गिअर बदलला. पुढची कमेंट आलीच. "चांगुणा मावशी म्हणतेत, सुपारी फोडल्याचा आवाज आला, तुझं..."

वाचता वाचता थांबायची सवय तिला नव्हती. सुकेशनीनं ती लागूच दिली नव्हती.

"...तुझं लग्न ठरलं."

ट्रक वळणावर न वळता सरळ गेला आणि दरीत पडला. त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तोंड आपोआप पुढची ओळ वाचत होतं. "दीपिका म्हणतेत, तुझी आई आत्ता म्हणाली, तिला इतक्यात सांगू नका, परीक्षा हाय."

दिपालीनं हेडफोन काढले. उघड्या दारातून ओसरी थेट आत आली.

"कुंकू पुढच्या ऐतवारी लावून घेऊ," आश्रुबा म्हणत होते.

"चालतंय," मुंजाजी म्हणाले. दिवाळीत, कुणी विचारलेलं नसताना, दिपालीच्या आईच्या, भिवराबाईच्या देखत त्यांनीच सांगितलं होतं, बी.ए. झाल्याबिगर पोरीच्या लग्नाचा विषय काढणार न्हाई. बी.ए.ला अजून दीड वर्ष होतं. त्या शब्दावर दिपाली निर्धास्त होती.

तिला रडू आलं नाही. आधी लाज वाटली. तिच्या घरात काय झालं ते दोनशे अनोळखी माणसांना तिच्याआधी कळलं होतं.

तेवढ्यात मुंजाजी दारात आले. खुशीत होते. एक गाल फुगलेला. "झालं का माय खेळणं? ये भाईर. पाव्हण्यांच्या पाया पड."

त्यांच्या मागं स्वयंपाकघराच्या दाराशी भिवराबाई उभी होती. तिनं पोरीचं तोंड पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मोबाईलवर एक कमेंट येऊन थांबली होती. दिपालीनं ती आधी मनात वाचली. पहिल्यांदाच. मग मोठ्यानं वाचली, नाव घेऊन.

"धम्मानंद विचारतेत, दिपाली, तुला विचारलं का?"

ओसरीतले पाव्हणे मान वळवून दाराकडं बघायला लागले.

दिपालीनं ओढणीला लावलेला छोटा माईक काढला. त्याची वायर जाईल तेवढी ताणून तो बापाच्या तोंडासमोर धरला.

"आबा, ह्येचं उत्तर तुमी द्या. दोनशे माणसं बसलेत."

मुंजाजींच्या गालात नुकत्याच फोडलेल्या सुपारीचं खांड होतं. त्यांना ते चावताही येईना आणि थुंकताही येईना.