नजरचूक

दिग्दर्शकाने मासिक टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. उघड्या पानावर वाचकांनी पकडलेल्या सिनेमातल्या चुका छापल्या होत्या. या महिन्याचं बक्षीस एका शाळामास्तरांना मिळालं होतं. नायक मनोऱ्यावरून समोरच्या गच्चीवर उडी घेतो, तेव्हा त्याच्या कमरेला बांधलेली दोरी चांगली तीन सेकंद दिसते, असं त्यांनी कळवलं होतं.

"नायक जिवावर उदार झालाय आणि थेटरात पब्लिक ओरडतंय, अरे, सोडा त्याला, बांधून कशाला ठेवलाय!" दिग्दर्शक म्हणाला. "बाई, हसं झालं माझं."

बाई बावीस वर्षं सिनेमात एकच काम करत होती. एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना काही बदलू नये, नको ते दिसू नये, म्हणून सगळं वहीत टिपायचं. पेल्यात पाणी किती, भांग कुठल्या बाजूला, वरचं बटण लावलेलं की उघडं. युनिटमध्ये तिला सगळे घार म्हणत.

त्या दिवशी ऊन उतरत आलं होतं. दिग्दर्शकाने खालून ओरडून विचारलं होतं, "दोरी दिसतेय का?" कॅमेऱ्याला डोळा लावून तिने सांगितलं होतं, "नाही." एकच उडी झाली. दुसऱ्या दिवशी लाकडी मनोरा मोडून टाकला. आठवड्याने फिल्म धुऊन आली, तेव्हा पडद्यावर दोरी होती. पुन्हा उडी घ्यायला मनोराच उरला नव्हता.

"मासिकाला चार ओळी लिहून द्या," दिग्दर्शक म्हणाला. "माझ्याकडून नजरचूक झाली, एवढंच. पुढच्या सिनेमालाही तुम्हीच."

"ते मी लिहिणार नाही."

"मग चूक कोणाची? माझी?"

"तुमची नाही. पण नजरचूक असं मी लिहून देणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

थोरल्या बहिणीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "चार ओळी लिहून हात झिजले असते का तुझे? एवढा ताठा बरा नव्हे." दुसऱ्या कुठल्याही युनिटने तिला बोलावलं नाही. घारीचे डोळे गेले, अशी आवई उठली होती. शेवटी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. "दोरी दिसली तर खूण करा हं," फोरमनने पहिल्याच दिवशी टोमणा मारला. संध्याकाळपर्यंत तिने एका पाठ्यपुस्तकातून एकशे चाळीस चुका काढून त्याच्यासमोर ठेवल्या.

तीन महिन्यांनी एका दुपारी एक माणूस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नायकाच्या जागी उडी त्याने मारली होती.

"तुमचं काम गेल्याचं मला कालच कळलं, बाई. आणि त्या दिवशी उडीआधी साहेबांना मी म्हणालो होतो, दोरी दिसत असेल तर काढतो, तशीच मारतो उडी."

"ऐकलं होतं मी."

"मग तुम्ही कशाला..." तो मध्येच थांबला. "तुम्हाला दिसली होती?"

"चांगली स्पष्ट."

तो खुर्ची ओढून बसला. कळवळून म्हणाला, "पण बाई, माझा पाय घसरलासुद्धा नाही! नेमका गच्चीवर उतरलो. दोरीला एवढासाही ताण बसला नाही. तुमचं काम उगाच गेलं हो!"

बाईने पुढचं मुद्रित पुढ्यात ओढलं.

"उगाच गेलं, तेच बरं झालं."