शुक्रवारचा निरोप

मबरूकानं पिशवी डॉक्टरच्या टेबलावर उलटी केली. केसांचं भलं मोठं गुंतवळ बाहेर पडलं, काळंभोर.

"हे एवढं आठवड्याभराचं," ती म्हणाली. "कचऱ्यात टाकायची सोय नाही. आमच्या गल्लीत बाया करणी करायला टपलेल्याच असतात. ती समोरची झोहरा माझ्या पोरीच्या वेणीकडे कशी टक लावून बघायची! डोळे फुटोत तिचे."

समुद्राकाठच्या आमच्या महदिया गावातल्या आया दवाखान्यात येतात त्या आजाराचं निदान सोबत घेऊनच.

शेजारच्या खुर्चीत तिची लेक विज्दान बसली होती. वय जेमतेम एकोणीस. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तिनं डोक्याचा रुमाल सोडला. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी टाळू दिसत होती. मबरूकानं तोंड फिरवलं. लेकीचं उघडं डोकं बघायची तिला आताशा भीती वाटायची.

"खरं सांग, पोरी," ती डॉक्टरला म्हणाली. "तो आजार तर नाही ना? नाव घेऊ नकोस त्याचं."

"नाही हो, मावशी." डॉक्टर तरुण होती, विज्दानची मोठी बहीण शोभेल अशी. "रिपोर्ट बघितले मी. रक्त चांगलं आहे, थायरॉईडही ठीक आहे." मग ती विज्दानकडे वळली. "मोठा ताप येऊन गेला का? बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलंस? कसल्या गोळ्या घेतेस?"

विज्दान प्रत्येक वेळी नाही म्हणाली.

"जेवण आणि ही सोडणार?" मबरूका म्हणाली. "अर्धं पातेलं कुसकुस एकटी फस्त करायची. हल्ली मात्र चिमणीसारखी टिपते."

"मग कसला धक्का बसला का? माणूस आज हादरतं, मावशी, आणि केस गळतात दोन-तीन महिन्यांनी. रमजानच्या आसपास घरात काही वाईट घडलं?"

"वाईट? अगं, तेव्हाच तर माझा नौफल इटलीला पोहोचला!" मबरूकाचा चेहरा खुलला. "चोरून होडीत बसला, मेल्यानं मला सांगितलंसुद्धा नाही. पण पोहोचला बाई सुखरूप. हिच्या फोनवर कळवलं. दर शुक्रवारी निरोप येतो त्याचा, ही वाचून दाखवते. मला कुठं वाचता येतं?"

"बोलत नाही तुमच्याशी?"

"होडीतून आलेल्यांना ठेवतात त्या छावणीत बोलू देत नाहीत म्हणे. नुसतं लिहू देतात."

डॉक्टरचं पेन थांबलं. ती याच किनाऱ्यावर वाढलेली. पलीकडे पोहोचलेला पोरगा छावणीतूनही कुणाचा तरी फोन मागून घेतो आणि आधी आईजवळ रडून घेतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं विज्दानकडे पाहिलं.

विज्दान पांढरीफटक पडली होती. तिनं मान अगदी किंचित हलवली. बोलू नका, एवढंच.

"बरं मावशी, आपण असं करू..." डॉक्टर म्हणाली.

मबरूकानं आधी डॉक्टरकडे बघितलं, मग लेकीकडे. पुन्हा डॉक्टरकडे. तिच्या ओठांवर अजून हसू होतं. पण तिला एकदम इतकी भीती वाटली की खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला.

"आई," विज्दान म्हणाली. "आई, मी..."

"गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस." मबरूका टेबलावरून पुढं वाकली आणि तिनं डॉक्टरचं मनगट धरलं.

"पोरी, तो रिपोर्ट पुन्हा बघ. चुकला असेल. रक्तच कमी असेल हिच्यात. म्हण ना, रक्तच कमी आहे."