डाव्या हाताची पाणकोंबडी

नीनाताईंनी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि चित्राकडे रोखून पाहिलं. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच छापचित्र होतं: दलदल, लव्हाळे, उडायच्या बेतातली दोन बदकं आणि काठाशी एक पाणकोंबडी. आज तिची मान जमलीच पाहिजे, असं त्यांनी ईडन प्रेरीतल्या घरून निघतानाच मुलीला, इलाला, सांगून टाकलं होतं.

उजवा हात मांडीवर पडून होता. ज्या हातानं तीस वर्षं लोकांची पोटं शिवली, त्याला पक्षाघातानंतर ब्लाउजचं बटणही लावता येत नव्हतं. थेरपिस्ट म्हणाली होती, डाव्या हातानं काहीही काढा. नीनाताईंनी संग्रहालयातलं हे चित्र निवडलं. दर मंगळवारी इला त्यांना इथं आणायची. सातवा महिना चालू होता.

"आई, ब्रेक घे ना थोडा."

"टाके अर्धवट ठेवून कोणी ब्रेक घेतं का?"

मानेवरच्या बारीक रेघा एकामागून एक उतरल्या. इला आधी चित्रावर वाकली, मग आईच्या कागदावर.

"वेट, आई. याच्या सगळ्या रेघा तुझ्यासारख्याच तिरक्या आहेत. हा आर्टिस्ट लेफ्टी होता?"

मग तिनं तेच दालन सांभाळणाऱ्या बाईला इंग्रजीत विचारलं. ती हसली. नाही, म्हणाली, उजव्याच हाताचा असणार. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. म्हणून तर डाव्या हाताला या रेघा सोप्या जातात.

नीनाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची नजर इलाच्या डाव्या हातावर गेली.

"तू चार वर्षांची होतीस. क्रेयॉन डाव्या हातात घेतलास की मी काढून उजव्यात द्यायचे. जेवताना तर तुझा डावा हात ओढणीनं बांधूनही ठेवला होता मी. डॉक्टर असून! चुकलं माझं, इला."

"इट्स ओके. मला आठवतही नाही."

ते खोटं होतं, आणि ते दोघींनाही कळत होतं. नीनाताईंना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून काम सोडून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी पेन्सिल उचलली, मान पुरी केली, चोच काढली, तिचा डोळा गडद केला. कागदावरून पाणकोंबडी टक लावून बघू लागली.

मग त्यांनी वहीतला कोरा कागद इलासमोर सरकवला आणि पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली.

"कमॉन, आई. मी चाळीस वर्षांची आहे. या हातानं मला आता काहीच येत नाही."

"पहिली पाणकोंबडी वांग्यासारखीच येते," नीनाताई म्हणाल्या. "काढ."