झाकलेली वाटी

१९७६ साली बाळापुरात कुणाच्या घरून काय झाकून कुणाकडे गेलं, हे द्वारकाबाईंना तोंडपाठ असे. छातीतली कॅन्सरची गाठ काढायला त्या तयार होत्या. काखेला मात्र हात लावू देईनात. “गाठ इथं, मंग काख काहून कापता?” “आजार काखेतल्या गाठींत पसरलाय का, ते बघायचंय,” म्हणत डॉक्टरांनी तपासणीचा मुंबईहून आलेला फोटो दाखवला. त्याच गाठीतली एक पेशी, हजारो पट मोठी केलेली, भोवती बारीक गोल ठिपके. “हे काय हाय?” “कचरा. पेशी बाहेर टाकते.” बाईंनी फोटो उजेडाकडे धरला. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचं पातळ आवरण होतं. “खरकटं कोनी झाकून टाकतं व्हय, डाक्टर? झाकून जाते ती शेजारणीला धाडलेली वाटी.” एवढं शिकून डॉक्टरांना हे सुचलं नव्हतं. बाईंनी अंगाशी दाबलेला हात वर केला. “काख तर सख्खी शेजारीण. तिचंबी घर उघडून बघा.”