निरोप

“सिस्टर, जरा आमच्या हिला बोलावता का?” वासुदेवरावांनी कॉटशेजारी बसलेल्या बाईंना विचारलं. त्या बाई म्हणजे त्यांची बायको, मालिनीताईच होत्या. जन्मभर घाटातून एसटी चालवलेल्या माणसाला आज पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. हात नुसते फडफडत होते.

मालिनीताईंनी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. “यांना वेड लागलं का हो?”

“नाही काकू, हे लिव्हरचं दुखणं आहे. आतड्यात अमोनिया तयार होतो. लिव्हरमधली एन्झाइम्स त्याचा युरिया करतात, तो लघवीवाटे जातो. काकांचं लिव्हर थकलंय, म्हणून अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. तिथलं दुसरं एन्झाइम त्याचं ग्लुटामिन नावाचं द्रव्य करतं. ते साठलं, की पेशी सुजतात आणि माणसाला भ्रम होतो. या औषधानं पोट साफ होऊ दे, बहुतेक ओळखतील तुम्हाला.”

मालिनीताई परत येऊन बसल्या आणि ते गोड, दाट औषध चमच्यानं पाजू लागल्या.

“आली का ती?”

“येतायत. काही निरोप देऊ?”

“मी जेवलोय म्हणावं. नाहीतर माझ्यासाठी उपाशी बसेल. फार जीव आहे तिचा माझ्यावर. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण माझाही आहे.”

मालिनीताईंनी चमचा पुन्हा भरला. “सांगते हं,” त्या म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी सकाळी वासुदेवरावांनी डोळे उघडले आणि मालिनीताईंकडे एकटक पाहिलं.

“मालू! कधी आलीस गं?”

“ही काय,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “आत्ताच.”